तीन वाजताची फेरी

लुर्देस पाबियोना हे नाव चर्चच्या वहीत आहे आणि मतदारयादीत आहे, बाकी कुठे नाही. पुलुपांदानच्या बाजारामागे ट्रायसिकलींचा, म्हणजे बाजूला डबा जोडलेल्या मोटरसायकलींचा, थांबा आहे, तिथे ती नांग लुद्रिंग, म्हणजे लुद्रिंगताई. वय एकसष्ट, अंगाने आडवी, आवाज बोटीच्या भोंग्याला भारी. एका बाजूला कलणाऱ्या लाकडी स्टुलावर बसून ती सकाळी पाचपासून गाड्या सोडते. जी गाडी आधी आली ती आधी जाणार, मग गिऱ्हाईक कोळीण असो की नगराध्यक्षाची सासू, हा तिथला कायदा. तो मोडणाऱ्याला नांग लुद्रिंगच्या तोंडाला तोंड द्यावं लागतं, त्यामुळे सहसा कुणी मोडत नाही.

गाड्या बावन्न. प्रत्येकीच्या कपाळावर नंबर रंगवलेला. चालकांना ती नावाने हाक मारत नाही, नंबराने मारते. "ए नऊ, पुढे घे! एकतीस, शर्टाची बटणं लाव, तुझं पोट बघायला कुणी आलेलं नाही!" एकतीसच्या लग्नात तिने पाद्रीबाबांच्या देखत 'एकतीसची नवरी कुठल्या गावची?' असं विचारलं होतं. लोक हसले. तिला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. थांब्यावर चार रामोन आहेत, पण बावीस नंबर एकच आहे. पुढे जे घडलं ते याच सवयीपायी घडलं, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

तिचा नवरा चार नंबर चालवायचा. तो गेला तेव्हा संघटनेने तिला हे स्टूल दिलं. चार नंबर आता दुसराच कुणी चालवतो, आणि त्याला मात्र ती हाक मारत नाही, नुसतं बोट करते. नवऱ्याच्या आधी सासू गेली. सासू शेवटचे चार महिने भ्रमिष्ट होती. त्या चार महिन्यांबद्दल ती कधी बोलली नाही, आणि तिने न बोललेली एवढी एकच गोष्ट असावी.

मॅम गोरिंग ही त्याच गावची शिक्षिका. छत्तीस वर्षं तिसरीचा वर्ग. थांब्यावरच्या निम्म्या चालकांचे कान तिने पिळलेले आहेत आणि ते आता अभिमानाने कान दाखवतात. तिचं माहेर समोरच्या गिमारास बेटावर, सुक्लारान गावात, बोटीने पाऊण तासावर. सत्तरी उलटली आणि एकेक गोष्ट तिच्या हातून सुटायला लागली. आधी चष्मा कुठे ठेवला ते, मग भाताला पाणी किती, मग हा घरात फिरणारा म्हातारा कोण. डॉक्टरांनी कागदावर स्मृतिभ्रंश असं लिहून दिलं. गल्लीतले लोक 'वय झालं' म्हणाले आणि आपापल्या घरी गेले.

तो म्हातारा म्हणजे तेरॉयदादा, तिकडच्या बोलीत नोंग तेरॉय, तिचा नवरा. साखर कारखान्यात काट्यावर काम करून निवृत्त झालेला, मितभाषी, झुंजीचे कोंबडे पाळणारा. रोज दुपारी तीन वाजले की मॅम कपड्यांची पिशवी भरून दारात उभी राहायची.

"मला घरी जायचंय. आई वाट बघत असेल. शेवटची बोट चुकेल माझी."

"अगं गोरिंग, हेच तुझं घर."

"तुम्ही कोण मला सांगणारे? रस्ता सोडा!"

एकदा तिने त्याला खराट्याने मारलं. दोनदा ती निसटली. पहिल्यांदा उसाच्या ट्रकांच्या रस्त्यावर सापडली, दुसऱ्यांदा समुद्राच्या धक्क्यावर, चपला हातात घेऊन. दुसऱ्या वेळेनंतर रियाधला परिचारिका असलेल्या मुलीचा, मारिबेलचा, फोन आला. "पापा, आता आणखी एकदा ममा हरवली की संपलं. बाकोलोदला ननांचा आश्रम आहे, मी बोलून ठेवलंय." नोंग तेरॉयला ते नको होतं. चव्वेचाळीस वर्षांत तो बायकोशिवाय एक रात्र झोपला नव्हता. आता बायको शेजारी असूनही झोपत नव्हता.

एका दुपारी तो थांब्याजवळच्या बेकरीत पाव घ्यायला आला आणि रांगेत उभ्या उभ्या विजेच्या खांबाला टेकून झोपला. हातातली पिशवी खाली पडली तरी जागा झाला नाही.

"नोंग," नांग लुद्रिंगने त्याला हलवलं, "खांब सरकारी आहे. घरी नेता यायचा नाही."

तो ओशाळला, आणि मग कधी नव्हे ते सगळं बोलून गेला. तिने ऐकून घेतलं. मध्ये दोन गाड्या सोडल्या.

"घरी जायचंय ना त्यांना? मग जाऊ दे की! उद्या तीनला इथे आणा. आम्ही पोचवतो."

"कुठे पोचवतो?"

"घरी. तुमच्याच. जरा लांबून."

अशी ती तीन वाजताची फेरी सुरू झाली. बाजार, चर्च, गिरणी, समुद्राच्या कडेचा रस्ता, दफनभूमीचं वळण, आणि तासाभराने पुन्हा मॅमच्याच फाटकापाशी. तिथे चालकाने म्हणायचं, "मॅम, आलं घर." मॅम उतरायची, देवाचे आभार मानायची आणि पिशवी घेऊन आत जायची. पहिल्या दिवशी नोंग तेरॉय फाटकाआड उभा राहून बघत होता. तिने त्याला विचारलं, "आई आहे का घरात?" तो गोंधळला. चालकच म्हणाला, "बाजारात गेल्यात, येतील." ती बरं म्हणाली आणि खुर्चीत बसली. इतकं सोपं असेल असं त्याला वाटलं नव्हतं, आणि थोडा रागही आला.

नांग लुद्रिंगने चालकांना दम देऊन ठेवला होता. "आई मेली असं जो कोणी बोलेल त्याची गाडी आठवडाभर शेवटी. आई भात रांधतेय, आई बाजारात गेलीय, काय वाटेल ते सांगा, पण मारू नका. बिचारीला रोज नव्याने रडावं लागेल." रांग मोडून ठरावीक चालकांनाच ही फेरी मिळते अशी कुरकुर झाली तेव्हा तिने सगळ्याच चालकांना रस्ता शिकवला. आता जो पुढे असेल तो जाईल. कायदा शाबूत राहिला.

नोंग तेरॉयलाही दम होताच. "या वेळात तुम्ही भांडी घासायची नाहीत. कोंबड्यांना आंघोळ घालायची नाही. आडवं व्हायचं. दोरीवर ओले कपडे दिसले तर उद्यापासून फेरी बंद."

"पण झोप येत नाही, लुद्रिंग."

"मग छप्पर बघत पडा. छप्पर काही पळत नाही."

पाच महिने असे गेले. तो डोळे मिटून पडायला शिकला. त्याचे गाल थोडे भरले. तो तिला दर रविवारी केळीच्या पानातला गोड भात आणून द्यायचा आणि ती 'गूळ कमी' म्हणून खायची.

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी सतरा नंबरचा मालक दाढ काढायला गेला आणि गाडी मावसभावाला देऊन गेला. मावसभाऊ क्रिसांतो, पन्नाशीचा, ला कार्लोताचा, या गावात नवखा. तीन वाजता सतरा रांगेत पहिली होती. नांग लुद्रिंग त्या वेळी एका कोळणीशी भांडत होती, कारण कोळणीने माशांची बादली थेट स्टुलाला चिकटवून ठेवली होती. नोंग तेरॉयने मॅमला डब्यात बसवलं, पिशवी मांडीवर दिली आणि तो झोपायला घरी गेला. नांग लुद्रिंगने मान वळवली, नंबर बघितला.

"सतरा! मॅम आहेत. नेहमीचं!"

परक्या गावात परकी गाडी चालवणारा माणूस सगळ्याला हो म्हणतो. क्रिसांतोने मान डोलावली आणि तो गेला.

सव्वाचारला सतरा नंबर रिकामी येऊन रांगेच्या शेवटी लागली. नांग लुद्रिंगने तिकडे बघितलं, आणि या वेळी नंबराखालचा चेहराही बघितला.

"तू कोण?"

"क्रिसांतो, नांग. सतरावाल्याचा भाऊ."

"मॅम कुठायत?"

"कोण मॅम? ती म्हातारी होय? धक्क्यावर सोडली की मघाच. वाटेत मला बेकरीवर थांबवून आईसाठी पाव घ्यायला लावले."

"धक्क्यावर? तुला कुणी सांगितलं धक्क्यावर?"

"त्यांनीच! म्हणाल्या, धक्क्यावर ने, आणि ताठ बस, पाठीला पोक येईल. मी ताठ बसून नेलं."

नांग लुद्रिंगच्या तोंडून शब्द फुटेना. थांब्यावर असं पहिल्यांदाच झालं, त्यामुळे न सांगताच सगळ्यांना काहीतरी भयंकर घडल्याचं कळलं. नऊ नंबरने तिला धक्क्यावर नेलं. तिथला तिकीटवाला आठवून म्हणाला, हो, साडेतीनच्या बोटीत सुक्लारानला मयताच्या बैठकीला जाणारी बरीच माणसं होती, पांढऱ्या कपड्यांतली, त्यांच्यातच एक आजी होत्या. आजींना त्यांनी हात धरून पुढे बसवलं.

"त्यांच्या कोण लागतात ते विचारलं नाहीस?"

"मयताला निघालेल्या बाईला तिकीट विचारायची लाज वाटते, नांग, नातं कुठलं विचारू?"

नऊ नंबर म्हणाला, "नोंगना उठवू का?"

"नको." हे ती चटकन बोलली. मग पुढच्या बोटीत पाऊण तास ती त्या 'नको'चा विचार करत बसली. म्हाताऱ्याची झोप मोडू नये म्हणून नको म्हणाले, की त्याला तोंड दाखवायची हिंमत नाही म्हणून? मारिबेलने काय सांगितलं होतं ते तिला पाठ होतं. आणखी एकदा हरवली की संपलं. आणि या वेळी मॅम निसटली नव्हती. नांग लुद्रिंगने स्वतः, आपल्या आवाजाने, तिला धाडलं होतं.

सुक्लारानमध्ये मयताचं घर शोधावं लागलं नाही. अंगणात ताडपत्री, चार टेबलांवर पत्ते, कॉफी, बिस्किटांचे डबे. मयताच्या बैठकीत आलेल्याला तू कोण असं विचारायची पद्धत नाही; कॉफी द्यायची आणि बसवायचं. मॅम गोरिंगला कॉफी दिली होती आणि बसवलं होतं, तेही पहिल्या रांगेत, शवपेटीजवळ. तिच्या हातात कुणाची तरी जपमाळ होती आणि ती प्रार्थना सांगत होती. खणखणीत, एक शब्द न चुकता, मागे पस्तीस माणसं. कुणी पुटपुटलं की थांबून त्याच्याकडे बघायची. पेटीत मिशीवाला म्हातारा होता.

त्याची मुलगी नांग लुद्रिंगच्या कानाशी लागली. "या आमच्या कुठल्या मावशी हो? प्रार्थनेचे नऊही दिवस येतील का? आमच्याकडची प्रार्थना सांगणारी बाई नुसती घाई करते."

नांग लुद्रिंगच्या जिवात जीव आला. ती मॅमच्या शेजारी बसली. प्रार्थना संपल्यावर मॅमने तिच्याकडे वळून हळूच सांगितलं, "आई गेली गं. मला कुणी कळवलंसुद्धा नाही." तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. पाच महिने बावन्न चालकांनी मिळून जे तिच्यापासून लांब ठेवलं होतं ते ती एका मिशीवाल्याच्या पेटीपाशी बसून शिकली होती. नांग लुद्रिंगने ताडपत्रीखालच्या गर्दीकडे बघितलं. ती म्हणाली, "छान झालंय सगळं. माणसं पुष्कळ आलीत." मॅमने मान हलवली. शेवटच्या बोटीला निघताना तिने पेटीच्या काचेवर हात ठेवला, आणि पाव तिथेच ठेवले.

या किनाऱ्याला लागल्यावर गाडी थेट मॅमच्या घरी न्यायची सोय नव्हती. मयताच्या घरून तसंच आपल्या घरी जायचं नसतं. मागे लागून आलेलं काही असेल तर ते वाटेत कुठेतरी थांबून झटकायचं. नांग लुद्रिंग एरवी कुणाच्या बापाला भीत नाही, पण हे पाळते. म्हणून दोघी बेकरीत थांबल्या. मॅम कॉफीत पाव बुडवून खायला लागली. तेवढ्यात नोंग तेरॉय आला, सदऱ्याची बटणं वरखाली लावलेली, पायात दोन वेगळ्या चपला. कुठल्या तरी नंबराने त्याला सांगितलं होतं.

त्याने आधी बायकोकडे बघितलं. मग तिच्या हनुवटीवरची कॉफी पुसली. मग बसला.

"चूक माझी," नांग लुद्रिंग म्हणाली. "नंबर बघितला, माणूस बघितला नाही. शिव्या द्या."

त्याने शिव्या दिल्या नाहीत. तो टेबलावरचे पावाचे कण बोटाने गोळा करत राहिला.

"मला पावणेसहाला जाग आली," तो म्हणाला. "घरात आवाज नव्हता. मला वाटलं, किती छान वाटतंय. मग आठवलं, ही परत आलेली नाही. पाचच्या आधी येते रोज." तो थांबला. "तरी मी उठलो नाही, लुद्रिंग. कुशीवर वळलो. चर्चची संध्याकाळची घंटा होईपर्यंत पडून राहिलो. मला माहीत होतं की ती कुठेतरी हरवलीय, आणि मी पडून राहिलो. बरं वाटत होतं मला."

मॅमने दुसरा पाव घेतला. बेकरीवाली आत निघून गेली.

नांग लुद्रिंगला चांगलं बोलता येत नाही. देवाचं नाव घेऊन धीर देणाऱ्या बायका गावात पुष्कळ आहेत, तिला त्यांचा कंटाळा येतो. तिने घसा साफ केला.

"माझी सासू," ती म्हणाली. "चार महिने. मी सकाळी बाजारात तांदळाचे वाफवलेले पुतो विकायला जायचे. घरात दुसरं कुणी नाही. तर मी माझ्या जुन्या झग्याची पट्टी करून तिचा हात खाटेच्या खुराला बांधून जायचे. गाठ सैल असायची. सैलच असायची, असं मी म्हणते. एकदा परत आले तर मनगट सुजलं होतं. दुसऱ्या दिवशी मी दुसरा हात बांधला." तिने कॉफी संपवली. "पाद्रीबाबांनाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला माहीत होतं, तो गेला. आता तुम्हाला."

मग नोंग तेरॉय म्हणाला, "मारिबेलला कळवायला नको."

"थांब्यावरचे पण तेच म्हणताहेत. लावा फोन."

"ती आश्रमात टाकेल हिला."

"टाकेल तर टाकेल. पण ही फेरी मी खरं लपवून चालवणार नाही. लावा."

रियाधला दुपार होती. नांग लुद्रिंगने फोन हातात घेतला आणि सगळं सांगितलं, बादलीपासून मिशीपर्यंत. मग मारिबेल चिडली, आणि चिडायचा तिला हक्क होता. "नांग, मी इथे दुसऱ्यांच्या आयांना पुसते, धुते, आणि माझ्या आईला तुम्ही समुद्रापार पाठवता?"

"हो. मी पाठवलं."

"आणि पापा काय करत होते?"

"झोपले होते. तीन तास. तुझा बाप गेल्या जत्रेपासून सलग तीन तास झोपला नव्हता, तुला माहिती होतं का?"

मारिबेलला माहीत नव्हतं. थोड्या वेळाने ती म्हणाली, "पापांना द्या." नांग लुद्रिंगने फोन दिला आणि बाहेर जाऊन उभी राहिली. बापलेक काय बोलले ते तिने ऐकलं नाही. काचेतून तिला एवढं दिसलं की नोंग तेरॉय बोलत होता, बराच वेळ, आणि मॅम त्याच्या ताटातला पाव खात होती.

दुसऱ्या दिवशी तीन वाजले. मॅम आली नाही. सव्वातीन झाले. पुढची गाडी अडतीस होती, तिच्यात बसायला माणसं आली, त्यांना नांग लुद्रिंगने मागच्या गाडीत बसवलं. हा कायदा तिने मोडलेला कुणी पाहिला नव्हता. साडेतीनला ती स्टुलावरून उठली, पुन्हा बसली, कोळणीची माशांची बादली आपणच उचलून लांब ठेवून आली.

पावणेचारला दोघं वळणावर दिसली. मॅमच्या हातात पिशवी होती.

"उशीर झाला," नोंग तेरॉय म्हणाला. "हिला चप्पल सापडत नव्हती."

"मारिबेल?"

"नाताळापर्यंत, म्हणाली. मग सुट्टी काढून येते, स्वतः बघते, मग ठरवते."

"बघू दे."

मॅम घाईत होती. "लवकर कर गं लुद्रिंग, आई वाट बघत असेल."

"बसा मॅम, भात टाकलाय त्यांनी." तिने मॅमला डब्यात बसवलं, मग पुढे जाऊन चालकाच्या तोंडासमोर उभी राहिली. वर्षानुवर्षं रोज दिसणारा माणूस होता. "तुझं नाव काय?"

"अं? नांग, मी अडतीस."

"नाव विचारलं."

"एउसेबियो."

"एउसेबियो, मॅम आहेत. बाजार, चर्च, गिरणी, समुद्र, दफनभूमी, घर. बोल."

त्याने सगळं म्हणून दाखवलं. गाडी गेली. नोंग तेरॉय मात्र तिथेच उभा राहिला, गाडी वळेपर्यंत आणि वळल्यावरही.

"जा की आता. आडवे व्हा."

"लुद्रिंग," तो म्हणाला, "आणि आजही तशीच झोप लागली तर?"

"तर झोपा," ती म्हणाली, आणि पुढच्या गाडीच्या चालकाकडे वळून तिने त्याचंही नाव विचारलं.